तेहतीस आणि पंचेचाळीस

कॅली, १७ ऑगस्ट २००९

प्रिय आल्सिदेस,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर मी ‘पापा’ म्हटलं की तुझ्या न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात लगेच काहीतरी उतू जातं. छत्तीस वर्षं तुझं दूध उतू जातंय. कागदाला ती पळवाट नाही, म्हणून कॉफी घे, बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात टाकलंस तर मला इथे कळेल. मला तुझी सगळी सोंगं पाठ आहेत.

पहिल्या पानावरच सांगून टाकते. पापांना तुझी रेकॉर्ड ऐकायची आहे. स्वतःच्या तोंडाने म्हणाले, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, जेवताना, सूपमधलं केळं चमच्याने फोडत: “त्या मुलाची तबकडी तुझ्याकडे असेल ना?” मी म्हटलं, “कुठल्या मुलाची?” मुद्दामच. ते म्हणाले, “मला किती मुलगे आहेत, ओमायरा?” आणि पुन्हा सूप प्यायला लागले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, पण ताठा अजून तसाच आहे. तुझाही तिथूनच आलाय.

आता अडचण काय होती ते ऐक. फेब्रुवारीत त्यांच्या कानांनी घात केला. बहिरे झाले असते तर गोष्ट सोपी होती. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या: खालच्या रेघेखालचं त्यांना ऐकू येत नाही, वरच्या रेघेवर गेलं की कानात सुई टोचल्यासारखं दुखतं. दोन्ही रेघांमध्ये जेमतेम बोटभर जागा आहे. नृत्यगृहाच्या केबिनमध्ये रेकॉर्डी लावत तीस वर्षं चार मोठ्या स्पीकरांच्या मधोमध उभं राहिल्याचं हे बक्षीस. आणि ती बोटभर जागाही आटतेय. डिसेंबरच्या जत्रेपर्यंत राहील, पुढचं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. ज्या घरात सकाळी दात घासतानासुद्धा ट्रम्पेट वाजायचं, त्या घरात फेब्रुवारीपासून चमचा पडला तरी पापा डोळे मिटून घेत होते. मागच्या खोलीत कानात कापूस घालून बसायचे. आपल्या बारियो ओब्रेरोच्या वस्तीत कानात कापूस घातलेला माणूस म्हणजे कोळ्याच्या घरी मासे न खाणारा. गल्लीतले लोक दारावरून जाताना उगाचच कुजबुजायचे, जणू घरात प्रेत आहे. मला त्याचा फार राग यायचा.

म्हणजे मला काय करायचं होतं? अगदी हळू वाजेल आणि तरी सगळं ऐकू येईल असं यंत्र जमवायचं होतं. तू म्हणशील, त्यात काय, बटण मागे फिरवायचं. सगळे तसंच म्हणतात. नव्या मॉलमधल्या दुकानातला तो गुळगुळीत केसांचा विक्रेताही तसंच म्हणाला. मला त्याने पाचशे वॉटचं एक धूड दाखवलं आणि वर विचारलं, “बाई, घरी कोणी जोडून देणारं आहे का?” चौतीस वर्षं मी या शहराचे ॲम्प्लिफायर उघडतेय, आल्सिदेस. अर्ध्या नृत्यगृहांच्या तारा माझ्या हाताखालून गेल्यात. मी त्याला म्हटलं, “बाळा, पाचशे वॉट राहू दे, मला पहिला एक वॉट ऐकव.”  त्याने आयुष्यात पहिला वॉट कधी ऐकला नव्हता, आणि पापांचं सगळं संगीत आता त्या पहिल्या वॉटच्याही दहाव्या हिश्श्यात बसवायचं होतं.

चुका मीही केल्या, लपवत नाही. आधी मला वाटलं, घरचं सोनं असताना बाहेर कशाला जायचं. नृत्यगृह बंद झालं तेव्हा मी पापांचे दोन मोठे स्पीकर गोदामात ठेवले होते, ते आणले. सहा माणसं लागली. लावले आणि आवाज पापांच्या रेघेच्या आत आणला. काही नाही. परातीएवढे त्यांचे जाड कागदी पडदे, चारशे नाचणाऱ्यांसाठी बनलेले, ते एवढ्याशा विजेने हलणार कसे? भरल्या पोटी झोपलेल्या म्हशी नुसत्या. बास गेला, वरची झांज गेली, मध्ये नुसती घोगरी बडबड उरली. कानाची खोडच आहे ती: आवाज कमी झाला की तो आधी खालचं टाकून देतो, मग वरचं. पापांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “हे कोण बोलतंय, पाद्री?” मग मी हेडफोन आणले. ते त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. गाणं खोलीत असतं, डोक्यात गाणं वाजतं त्याला वेड म्हणतात, असं म्हणाले. तिथे वाद संपला.

शेवटी मी लिसिमाकोकडे गेले. आठवतो ना, सान निकोलासमधला रेकॉर्डवाला, ज्याच्याकडून तू तीनदा रेकॉर्ड नेऊन दोनच परत केल्या होत्यास? तो विसरलेला नाही. त्याच्या माडीवर एका मोडक्या रेडिओच्या कपाटात दोन छोटे स्पीकर होते, तळहाताहून थोडे मोठे, कागद इतका पातळ की फुंकर मारली तरी थरथरतो. एकच पडदा, खालचं-वरचं सगळं त्याच्यातूनच. मोठ्याने वाजवले तर फाटतील. पण हळू वाजवायला त्यांच्यासारखे दुसरे नाहीत, कारण त्यांना जागं करायला जोर लागत नाही. लिसिमाको म्हणाला, “देत नाही.” मी पापांचं नाव घेतलं, “एलिएसेरसाठी हवेत.” त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच पेचकस शोधायला लागला. वर म्हणाला, “त्या गायकाला सांग, तिसरी रेकॉर्ड अजून बाकी आहे.” सांगितलं.

ॲम्प्लिफायर मी घरीच बांधला, व्हॉल्व्हचा, आठ वॉटचा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची घुरघुर मारायला तीन दिवस गेले. मोठ्याने ऐकणाऱ्याला ती कधी कळत नाही, पण हळू ऐकणाऱ्याला गाण्याआधी तीच ऐकू येते. मग आवाजाच्या बटणाने घोडं अडवलं. बाजारातलं कुठलंही बटण मधोमध चांगलं चालतं, पण अगदी सुरुवातीला एक बाजू बोलते आणि दुसरी मुकी. पापांना नेमकी तीच सुरुवात हवी. म्हणून मी चोवीस टप्प्यांचं बटण केलं, प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजूंना मोजून जुळवलेले रोधक, आणि सोल्डरचे टाके मीच मारले. चष्म्यावर चष्मा लावून. टप्पा तीन ही पापांची खालची रेघ आणि टप्पा सात ही वरची. पुढे फिरू नये म्हणून मी आठव्यावर पितळी खिळा ठोकलाय. स्पीकर त्यांच्या खुर्चीपासून हातभर लांब ठेवले, कानाच्या उंचीवर, म्हणजे आवाज भिंतींशी गप्पा मारून येणार नाही, सरळ त्यांच्याकडेच येईल. मागे आईची गोधडी टांगली. पंखा बंद, आणि तो एक तास फ्रिजचीही वायर काढलेली.

राहिली गल्ली. गल्लीचं काय करणार? मी मेल्बाकडे गेले. ती अजून समोरच राहते, अजून तशीच, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. तिचा रेडिओ दुपारी तीनला सुरू होतो तो रात्रीपर्यंत. मी म्हटलं, “तीन ते चार बंद ठेवशील?” म्हणाली, “एलिएसेरसाठी मी नवऱ्याला बंद ठेवलं असतं, पण तो आधीच गेला.” दुसऱ्या दिवसापासून तिने रेडिओ तर बंद केलाच, वर सगळ्या गल्लीवर पहारा सुरू केला. वर्कशॉपवाल्याचा हातोडाही थांबवला. फक्त दर दहा मिनिटांनी खिडकीतून ओरडते, “ओमायरा, पुरेशी शांतता आहे ना?” तिला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता खरी गोष्ट. मी नवा रेकॉर्ड प्लेयर आणला, त्याला दोन्ही वेग आहेत, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा आणि पंचेचाळीसचा. तुझ्या पोरांना सांगून बघ, त्यांना खरं वाटणार नाही: एका शहरात सगळे तेहतीसच्या रेकॉर्डी पंचेचाळीसवर लावायचे, कारण नाचणाऱ्यांचे पाय गाण्याच्या पुढे पळायचे. पापांनी तर केबिनमधल्या यंत्राचा वेगाचा दांडाच कापून टाकला होता, घाईत बोट चुकायला नको म्हणून. घरच्या यंत्राचाही कापला. मी तेहतीस म्हणजे काय ते शाळा संपल्यावर दुरुस्तीच्या दुकानात शिकले. म्हणजे बघ, त्या माणसाने ही गाणी त्यांच्या स्वतःच्या चालीने कधी ऐकलीच नव्हती.

पहिल्या दिवशी मी त्यांची सगळ्यात आवडती लावली, ती प्वेर्तो रिकोची, पियानोवाली. तेहतीसवर, टप्पा पाच. पापा खुर्चीत पुढे सरकले. रागावले. “यांना काय झालंय? आजारी आहेत का सगळे?” मी म्हटलं, “पापा, हे असेच वाजवतात.” म्हणाले, “मला शिकवतेस? वीस वर्षं मी यांना ओळखतो.” उठून गेले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मात्र स्वतःच येऊन बसले. तिसऱ्या दिवशी बोंगोच्या कातड्यावर बोट घासल्याचं त्यांना ऐकू आलं. चौथ्या दिवशी हात वर केला आणि म्हणाले, “थांब, मागे घे.” सुई मागे घेतली. पियानोवाला उडी घेण्याआधी श्वास घेतो, तोंडाने, दमलेल्या माणसासारखा. पापांनी ते चारदा ऐकलं. मग फरालोनेसच्या डोंगरांवरून संध्याकाळचा वारा सुटला, पडदा हलला, मी यंत्र बंद केलं, तरी ते बसूनच होते. म्हणाले, “मी या माणसांना नुसतं पळवलं गं. एकालाही बसू दिलं नाही.” आपले पापा हे म्हणाले, आल्सिदेस. मी खोटं सांगत असेन तर माझ्या हातातली सोल्डरची सळई गळून पडो.

 मी समजून होते की ते कशाचा विचार करताहेत. छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारचा. तू बारजवळ उभा होतास, मेडेयिनहून आलेले तुझे ते चार सोबती आणि तुझे पांढरे बूट. पापांनी केबिनच्या काचेतून रेकॉर्ड वर धरून सगळ्यांना दाखवली, “माझा मुलगा!” आणि लावली, ज्या एकाच वेगावर त्यांचं यंत्र चालायचं त्या वेगावर. आईसाठी लिहिलेलं तुझं ते संथ गाणं, आणि तुझा आवाज उंदरासारखा. लोक हसले. तू छत्तीस वर्षं मानतोस की त्यांनी तुझी चेष्टा केली. तू केबिनमध्ये शिरलास, स्वतःच्या हाताने सुई उचललीस आणि म्हणालास, “तुम्ही मला एकदाही ऐकलं नाही.” मग ब्वेनाव्हेंतुराचं बंदर, बोट आणि ते बर्फाळ गाव. मला विचारशील तर पापांनी तुला त्या दिवशी त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं बक्षीस दिलं. जे गाणं नाचण्याजोगं तेच पंचेचाळीसवर जायचं, बाकीच्या रेकॉर्डी ते तळाशी टाकायचे. आणि तुझंही खरं आहे. त्यांनी तुला ऐकलं नाही. दोन्ही खरंच आहे आणि दोघांनीही आपापलं तेवढंच धरून ठेवलं.

पण मी हे असं वरून न्यायाधीशासारखं बोलतेय ते बरं नाही, कारण त्या भांडणात तिसरंही कोणी होतं. तू कधी विचारलंच नाहीस की रेकॉर्ड केबिनमध्ये गेली कशी. तू ती शुक्रवारी माझ्या हातात दिली होतीस. म्हणालास, कपड्यांच्या पेटीत लपव, रविवारी आईला मेल्बाकडे नेऊ, तिच्या यंत्रावर दोन्ही वेग आहेत, तिथे शांतपणे ऐकवू. मी अठरा वर्षांची होते. माझ्या भावाचं नाव कव्हरवर छापलेलं, आणि ते पेटीत ठेवायचं? शनिवारी संध्याकाळी मी ती शालीखाली घालून नृत्यगृहात नेली आणि पापांच्या हातात दिली. ऐकायला वेळ नव्हता, लोक आले होते, त्यांनी नाव वाचलं आणि सरळ लावली. आणि ऐक, फरशीवर पहिली मी उतरले. तुझ्या त्या गाण्यावर पहिली मी नाचले, आल्सिदेस. तू सुई उचललीस तेव्हा माझा एक पाय हवेत होता. त्यानंतर तू गेलास, आणि सगळ्यांनी पापांना दोष दिला, तूही, आईही, आणि मी गप्प बसले. पापांनीही माझं नाव कधी घेतलं नाही, एकदाही नाही. मला माफ कर. हे मी कधीच लिहायला हवं होतं.

आणखी एक तुला ठाऊक नाही. ती रेकॉर्ड यंत्रावरून आईने उचलली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवली. दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला ती मेल्बाकडे जायची. पापांना सांगायची, झालर शिवून घ्यायची आहे. बरोबर पांदेबोनोचे गरम चीजपाव न्यायची, दोघी खायच्या आणि तुझं गाणं ऐकायच्या, एकदाच, तेहतीसवर. पंधरा वर्षं, जाईपर्यंत. म्हणजे जिच्यासाठी लिहिलंस तिने तुला नीट ऐकलं. मेल्बाला ते सगळं पाठ आहे, चाल मात्र ती भयंकर बिघडवते. आई मला बोलवायची, पण मी कधी गेले नाही. कारण तुला आता कळलंच असेल.

आता का लिहिलं ते. परवा, शनिवारी, सगळं तयार होतं. स्पीकर रुळलेत, घुरघुर मेली, टप्पा पाचवर भांड्यातून पाणी ओतल्यासारखं स्वच्छ येतं. यंत्र कसं असावं याबद्दल मला आता कुणाला काही विचारायचं नाही, या शहरात यापेक्षा चांगलं हळू वाजणारं काही नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. तीन वाजले, मेल्बाने गल्ली गप्प केली. मी अभ्र्यातून तुझी रेकॉर्ड काढली, पुसली, यंत्रावर ठेवली, सुई उचलली. पापांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “त्याला विचारलंस?” मी म्हटलं, “काय विचारायचं? तुम्हीच मागितली ना?” म्हणाले, “मी एकदा त्याला न विचारता लावली. पुन्हा नाही लावणार. तो हो म्हणाला तर ऐकेन. नाही म्हणाला तर तशीच परत अभ्र्यात ठेव, आणि त्याला दोष देऊ नकोस.” मी तुझ्या वतीने हो म्हणू शकले असते, त्यांचे कान मिटत चाललेत रे, डिसेंबर काही लांब नाही, पण तुझ्या वतीने मीही एकदा ठरवलं होतंच. म्हणून विचारते. मोठं काही लिहू नकोस, चिठ्ठीवर एक शब्द पुरे. रोज तीन वाजता ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसतात, दुसरं काहीतरी ऐकतात, आणि उठताना मला विचारतात की टपालवाला आपल्या गल्लीत आला होता का.

तुझीच,
ओमायरा